लाखाचा निकष, पंधरा हजारांचा चेक

दिंद्रुडच्या (ता. माजलगाव) शिवारात शेतकऱ्याने आत्महत्या केली, तर सरकारी मदतीचा कागद तलाठी, तहसीलदार आणि बीडची जिल्हा समिती असा फिरतो. मदत एक लाखाची. २००६ पासून रक्कम तीच आहे, महागाई मात्र वाढतच राहिली. त्यातले ३० हजार हातात, ७० हजार ठेवीत. अट अशी, की नापिकी, कर्ज आणि वसुलीचा तगादा सिद्ध व्हावा. कर्जही बँकेचे, सोसायटीचे किंवा परवानाधारक सावकाराचेच हवे. बिनपरवाना सावकार पावती देत नाही. मग कुटुंब ‘अपात्र’.

२०१५ च्या दुष्काळात अभिनेते नाना पाटेकर आणि मकरंद अनासपुरे यांनी बीडमध्ये आत्महत्या केलेल्या शेतकऱ्यांच्या कुटुंबांना १५ हजारांचे चेक दिले. त्यातूनच ‘नाम फाउंडेशन’ ही संस्था उभी राहिली. हा पैसा लवकर पोचला आणि त्याने सातबारा मागितला नाही, ही मोठीच गोष्ट. पण रक्कम लहान, आणि देणगीचा ओघ दुष्काळाच्या बातम्यांवर चालतो. शिवाय संस्थेच्या यादीत नाव नसेल, तर विचारायचे कुणाला? सरकारी नकाराविरुद्ध निदान कोर्टात दाद मागता येते. पण वकिलाची फी विधवेने कुठून आणायची, हे मदतीच्या शासन निर्णयात नाही.