चित्र आणि ध्वनी यांची सोबत

दूरचित्रवाणी संच आणि संगणक ही दोन्ही यंत्रे चित्र दाखवितात व ध्वनी ऐकवितात. तथापि त्यांचा जन्म वेगवेगळ्या कामांसाठी झाला. दूरच्या प्रक्षेपण केंद्राकडून येणाऱ्या लहरी पकडणे हे पहिल्याचे काम. आकडेमोड करणे व माहिती साठविणे हे दुसऱ्याचे. ही दोन यंत्रे एकमेकांस जोडावयाची, तर एकाची भाषा दुसऱ्याला समजली पाहिजे.

१९८२ साली घरगुती वापराचे दोन संगणक विक्रीस आले. अमेरिकेतील कमोडोर ६४ हा एक आणि इंग्लंडमधील झेडएक्स स्पेक्ट्रम हा दुसरा. घरात असलेल्या दूरचित्रवाणी संचालाच त्यांनी आपला पडदा केले. परंतु त्या काळी बहुतेक संचांना बाहेरून आत येण्याची वाट एकच असे, ती म्हणजे अँटेनाची. म्हणून एक युक्ती योजण्यात आली. संगणकातील एक छोटासा भाग चित्राचे संकेत प्रक्षेपणाच्या लहरींसारख्याच लहरींवर चढवी आणि तारेवाटे अँटेनाच्या जागी धाडी. जणू घरातच एक चिमुकले प्रक्षेपण केंद्र सुरू होई! संचावर ठराविक वाहिनी लावताच चित्र उमटे. कमोडोर आपला ध्वनीही त्याच वाटेने पाठवी; स्पेक्ट्रमचा ध्वनी मात्र त्याच्या स्वतःच्या पेटीतूनच निघे. चित्र पोचले म्हणजे ध्वनीही पोचलाच, असे नसते.

१९८७ साली व्हीजीए नावाची जोडणी आली. पुढे अनेक दूरचित्रवाणी संचांनाही ती बसविण्यात आली. तिच्या टोकाला १५ पिना असत, परंतु त्यांपैकी एकही ध्वनीसाठी नव्हती. ध्वनीसाठी वेगळी तार लावावी लागे. ती लावण्याचे राहून गेले, तर पडद्यावरील माणसांचे ओठ हलत. शब्द मात्र ऐकू येत नसे.

ही अडचण दूर करणाऱ्या एचडीएमआय जोडणीचे नियम २००२ साली प्रसिद्ध झाले. या केबलमधून चित्र व ध्वनी दोन्ही अंकांच्या रूपाने जातात. चित्राच्या एका आडव्या ओळीत १,९२० ठिपके आणि अशा १,०८० ओळी असल्या, तर एका चित्रात वीस लाखांहून अधिक ठिपके होतात. अशी साठ चित्रे प्रत्येक सेकंदास पाठवावयाची असतात. एवढ्या गर्दीत ध्वनीला जागा कोठून मिळते? चित्राच्या दोन ओळींच्या मध्ये क्षणाचा अत्यंत लहान अंश मोकळा असतो. त्या फटींतून ध्वनीचे अंक प्रवास करतात.

केबल जोडताच आणखी एक गोष्ट घडते. आपण किती ठिपक्यांचे चित्र दाखवू शकतो व कोणत्या प्रकारचा ध्वनी ऐकवू शकतो, हे दूरचित्रवाणी संच संगणकाला कळवितो. पाहुण्याने यजमानाची सोय विचारून घ्यावी, त्याप्रमाणे संगणक ही माहिती वाचून पुढील काम ठरवितो.

तरीही कित्येक घरांत चित्र दिसते, पण आवाज येत नाही. मग कोणी संचावर थाप मारतो, तर कोणी संच बिघडला असे म्हणतो. वास्तविक अशा वेळी तीन गोष्टी क्रमाने पाहाव्या. केबलची दोन्ही टोके नीट बसली आहेत काय? दूरचित्रवाणीच्या रिमोटने केबल लावलेलीच जोडणी निवडली आहे काय? आणि संगणकाच्या ध्वनीच्या यादीत दूरचित्रवाणीचे नाव निवडले आहे काय? पुष्कळदा चूक तिसऱ्या जागी सापडते. चित्र पडद्यावर गेलेले असते, परंतु संगणक ध्वनी आपल्याच लहान ध्वनिक्षेपकाकडे पाठवीत राहतो. नाव निवडताच मुका पडदा बोलू लागतो.

यंत्राला मनातले ओळखता येत नाही. त्याला वाट दाखवावी लागते. म्हणून बिघाडाची शंका येताच यंत्रावर रागावू नये. चित्र कोणत्या वाटेने गेले आणि ध्वनी कोणत्या वाटेने, हे शांतपणे शोधावे. असा शोध घेणाऱ्याला यंत्राचे भय उरत नाही.