गेटबाहेरचे तास कुणाच्या खात्यात?

निगडीच्या ट्रान्सपोर्ट नगरीतल्या एका वाहतूकदाराने यंदा दिवाळीनंतर कार्यालय बंद केलं. आमच्या कारखान्याचा माल ते जवळपास तीस वर्षं वाहत होते. कंपनीने भाडी ठरवायला संगणकावरची उलटी बोली आणली. पडद्यावर दर उतरत जातो, वेळ संपताना ज्याचा आकडा सर्वांत कमी त्याला मार्ग मिळतो. डिझेल, टोल, टायर आणि ड्रायव्हरचा पगार सुटेल एवढ्या आकड्यावर हे वाहतूकदार शेठ थांबले आणि कोल्हापूरचा मार्ग त्यांच्या हातून गेला. मी निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली, तरी ही बातमी मनाला फार लागली.

  मी डिस्पॅचमध्ये घडलो तो 1995 ते 2005 या दशकात.

शिरोली आणि गोकुळ शिरगावच्या फाउंड्र्यांतून आमचं कास्टिंग यायचं. संध्याकाळी तिकडे गाडी भरली की बिल्टी, म्हणजे मालाची पावती, फाडली जायची आणि मग सकाळपर्यंत तिचा काही पत्ता नसायचा. सुरुवातीच्या वर्षांत ड्रायव्हरांकडे मोबाईल नव्हते. खंबाटकीत गाडी बंद पडली तर ड्रायव्हर ढाब्यावरून शेठच्या घरी फोन लावणार आणि शेठ आम्हाला, कितीही वाजलेले असोत. कुठली गाडी कुठे अडकली, दुसरी कधी निघेल, हे ते नेमकं सांगायचे. 2005 च्या पावसाळ्यात कोल्हापूर-सांगलीकडचे रस्ते पाण्याखाली गेले, तेव्हा पहिल्याच दिवशी त्यांचा निरोप आला, "साहेब, चार दिवस माल विसरा." आम्ही त्याच दुपारी उत्पादनाचा क्रम बदलला. ‘गाडी निघालीय, येतेच आहे’ असं सांगून त्यांना वेळ मारून नेता आली असती. तसं झालं असतं तर भाग येईल या भरवशावर लाइन उघडी ठेवून आमची माणसं बसून राहिली असती. वाहतूकदाराच्या खऱ्या बातमीची किंमत कारखान्याला अशा वेळी कळते. दरपत्रकात तिच्यासाठी रकाना नसतो.

ते दशक सुखाचं होतं असं मी अजिबात म्हणणार नाही. जकात नाक्यांवरचा राग अजून गेलेला नाही. कागद पूर्ण असले तरी गाडी रांगेत उभी, आणि फॉर्म भरून देणाऱ्या दलालाशिवाय ती पुढे सरकत नसे. 1997 च्या नोव्हेंबरात मालवाहतुकीवर सेवा कर आला आणि तो भरायची जबाबदारी भाडं देणाऱ्यावर टाकली गेली. 1998 च्या जूनमध्ये तो मागे घेतला. सर्वोच्च न्यायालयाने ते नियम बेकायदा ठरवले, तर 2000 साली सरकारने कायदा पूर्वलक्षी प्रभावाने बदलून त्या सहा-सात महिन्यांचा कर पुन्हा मागितला. बंद केलेल्या फायली काढून एकेक बिल्टी जुळवण्याचं ते काम निव्वळ अन्याय होता, असं माझं आजही मत आहे.

पुढची वर्षं भराभर गेली. पुणे आणि पिंपरी-चिंचवडची जकात 2013 मध्ये संपली, तिच्या जागी स्थानिक संस्था कर (एलबीटी) आला नि गेला, 1 जुलै 2017 ला जीएसटी लागू झाला आणि मुंबईचे जकात नाकेही उठले. केंद्रीय विक्रीकर चुकवण्यासाठी कंपन्यांनी राज्याराज्यांत डेपो ठेवले होते, त्यांची गरज उरली नाही. गोदामं कमी झाली, खेपा लांबल्या. 2018 मध्ये गाड्यांची भारक्षमता वीस-पंचवीस टक्क्यांनी वाढवली, म्हणजे तेवढाच माल कमी गाड्यांत मावू लागला. हप्त्यावर गाडी घेतलेल्या मालकाला भाडं मिळवायला दर पाडणं भाग पडलं. करातली, गोदामातली, भाड्यातली अशी सगळी बचत माल पाठवणाऱ्यांच्या ताळेबंदात गेली.

माझी खरी तक्रार गेटबाहेरच्या तासांबद्दल आहे. पूर्वी गाडीला उशीर झाला की आम्ही नाक्याकडे बोट दाखवायचो. आता नाका नाही, टोलवर फास्टॅग आहे. तरी चाकणच्या कारखान्यांबाहेर भरलेल्या गाड्या दिवसदिवस उभ्या दिसतात. आत साठा नको म्हणून भाग लागेल तेव्हाच गाडी आत घ्यायची, असं हे धोरण आहे. साठा नाहीसा झालेला नसतो, तो रस्त्यावर ट्रकमध्ये असतो आणि त्याचं भाडं गाडीमालक भरतो. ड्रायव्हरला तिथे ना शौचालय, ना सावली. ई-वे बिलाची मुदत दर दोनशे किलोमीटरला एक दिवस अशी मोजली जाते. ताटकळत ती संपत आली तर वाढवून घेण्याची धावपळ पुन्हा वाहतूकदारानेच करायची. बिल्टीवर हॉल्टिंगचा, म्हणजे थांबून राहिल्याच्या पैशांचा, रकाना असतो, पण तो दावा मंजूर झालेला क्वचितच दिसतो.

बिलाचंही तसंच. नोंदणीकृत सूक्ष्म-लघु उद्योगांचे पैसे जास्तीत जास्त पंचेचाळीस दिवसांत द्यावेत असं 2006 चा कायदा सांगतो, आणि उशीर केला तर पैसे प्रत्यक्ष देईपर्यंत तो खर्च प्राप्तिकरात वजा मिळणार नाही, हेही आता आलं आहे. तरीही नव्वद दिवसांच्या करारावर छोटे वाहतूकदार मुकाट सही करतात, कारण तक्रार करणाऱ्याला पुढच्या बोलीचं बोलावणंच येणार नाही, ही भीती त्यांच्या मनात असते.

गेटबाहेरच्या तासांवर तोडगा मात्र हाताशी आहे. गाडी गेटवर किती वाजता आली, हे जीपीएसमुळे कंपनीच्या संगणकात मिनिटासकट नोंदलेलं असतं. उशीर झाला की त्याच नोंदीवरून दंड कापला जातो. तीच नोंद दोन्ही बाजूंनी वापरा. करारात एक कलम घाला: गेटवर आल्यापासून चार तासांत गाडी खाली झाली नाही, तर पुढच्या प्रत्येक तासाचे पैसे अर्ज न मागवता भाड्याच्या बिलातच जमा होतील. उलटी बोली लावायचीच असेल तर हे कलम आधी छापून मग लावा.