माळ्यावरचं हेलिकॉप्टर

रेडिओवर चालणारं हेलिकॉप्टर हवेत एका जागी थांबवणं म्हणजे काठीच्या टोकावर बशी तोलणं! जर्मनीच्या डीटर श्ल्यूटर यांना ते १९७०च्या सुमारास साधलं. मग त्यांच्या हेलिकॉप्टरचे सुटे भाग विकत मिळू लागले आणि हौशी मंडळी ती घरी जोडू लागली.

त्यातली काही मंडळी आता आजोबा झालीत. माळ्यावरचा खोका ते पुन्हा उघडतात, तर काय? इंधनातलं एरंडेल तेल चिकट होऊन इंजिन घट्ट बसलेलं! मग ते हळूच गरम करून मोकळं करायचं. कडक झालेल्या नळ्या बदलायच्या. लाकडी पात्यांना बारीकशी चीर दिसली, तरी ती बाद! मिनिटाला हजारावर फेरे घेणारं पातं तुटलं, तर जिवावर बेतेल.

खरी परीक्षा पुढेच. मोठा पंखा एका दिशेनं फिरला, की धड उलट्या दिशेनं फिरू पाहतं. शेपटीचा छोटा पंखा त्याला आवरतो. आज त्याच्या मदतीला जायरो असतो. त्या जुन्या यंत्रात तो नव्हताच! इंजिनाचा जोर वाढवला, की शेपूट बोटांनीच सांभाळायची. वर्षानुवर्षांत बोटं ते विसरलेली असतात.

म्हणून एके काळचे हे तरबेज वैमानिक नवशिक्यासारखे पायांखाली दोन आडव्या काठ्या बांधतात, म्हणजे हेलिकॉप्टर कलंडत नाही. मग ते वीतभर वर उठतं, दहा सेकंद थरथरत थांबतं...

आणि आजोबा पुन्हा तुमच्याएवढे होतात!