परदेशातील सत्र आणि पदवीचे वेळापत्रक



या व्याख्यानमालेत आजवर साहित्य, इतिहास आणि संगीत या विषयांवर जाणकारांनी विचार मांडले आहेत. मी अभियांत्रिकीचा शिक्षक. अमेरिकेतील एका विद्यापीठात विद्यार्थ्यांना विषयनिवडीचा सल्ला देण्यात माझी बरीच वर्षे गेली, त्यामुळे विषयही माझ्या आवाक्यातलाच निवडला आहे. बडोद्याच्या ज्या घरांतून मुले पदवीसाठी तिकडे गेली आहेत, तेथील पालक मला भेटले की एक प्रश्न हमखास विचारतात. मुलगी म्हणते, मधले एक सत्र जर्मनीत किंवा ऑस्ट्रेलियात काढीन. मग तिची चार वर्षांची पदवी पाच वर्षांवर तर जाणार नाही ना? घर तारण ठेवून कर्ज काढलेल्या माणसाच्या तोंडी हा प्रश्न क्षुल्लक नव्हे.

अमेरिकेत अभियांत्रिकीची पदवी साधारणतः आठ सत्रांची आणि १२० ते १३० क्रेडिटांची असते. म्हणजे दर सत्रास पंधरा-सोळा क्रेडिटे, पाच विषय. आकड्यांकडे पाहिले तर त्यांतील एक सत्र कोठेही करता यावे. अडचण आकड्यांत नसून क्रमात आहे. रासायनिक अभियांत्रिकीचे उदाहरण घेऊ. दुसऱ्या वर्षी द्रव्य व ऊर्जा यांचा ताळेबंद शिकल्यावाचून ऊष्मागतिकीला बसू देत नाहीत. पुढे द्रवप्रवाह, उष्णतेचे व द्रव्याचे वहन, मग रिॲक्टरची रचना आणि अखेरच्या वर्षी संपूर्ण कारखान्याचा आराखडा. प्रत्येक कडी मागच्या कडीत अडकलेली. शिवाय लहान विभागांत असा विषय वर्षातून एकदाच शिकवला जातो. एक कडी सुटली की नुकसान एका सत्राचे होत नाही, वर्षाचे होते.

या साखळीच्या बाहेर काही विषय असतात: इतिहास, अर्थशास्त्र, तत्त्वज्ञान, एखादी भाषा, शिवाय एक-दोन ऐच्छिक तांत्रिक विषय. ते कोणत्याही सत्रात आणि बहुधा कोणत्याही विद्यापीठात करता येतात. माझे सारे सांगणे या मोकळ्या विषयांभोवतीच आहे. पहिल्या वर्षी गणित आणि भौतिकशास्त्र यांनी मुले दमून जातात आणि विसावा म्हणून हेच विषय आधी संपवून टाकतात. तिसऱ्या वर्षी परदेशाची इच्छा होते, तेव्हा हाती उरते ती केवळ साखळी. माझ्याकडे एकाच वर्गातील दोन विद्यार्थी आले होते, बुद्धीने तुल्यबळ. मुलीने पहिल्याच वर्षी तीन मोकळे विषय राखून ठेवले होते. पाचव्या सत्रातील दोन मूळ विषय तिने ऑस्ट्रेलियातील अभ्यासक्रमाशी ताडून आधी मंजूर करून घेतले आणि ती वेळेत पदवीधर झाली. मुलाजवळ मोकळा विषय एकही नव्हता. पाच मूळ विषयांपैकी तिकडे जुळले दोनच. अखेर त्याने उन्हाळ्यातील सहा आठवड्यांच्या वर्गावर समाधान मानले. तेही वाईट नव्हते म्हणा.

‘ताडून’ हा शब्द मी मुद्दाम वापरला. विषयाचे नाव सारखे असले म्हणजे आशय सारखा असतो, असे नाही. यंत्र अभियांत्रिकीची ऊष्मागतिकी इंजिनांकडे वळते, तर रासायनिक अभियांत्रिकीची मिश्रणांच्या समतोलाकडे. म्हणून पाठ्यक्रमाचे सविस्तर टिपण, तास आणि प्रयोग विभागापुढे ठेवून निघण्यापूर्वीच लेखी मान्यता घ्यावी. परतल्यावर मागितलेली मान्यता म्हणजे याचना असते. पुष्कळ ठिकाणी परदेशातील क्रेडिटे जमा होतात, पण तेथील गुण सरासरीत धरले जात नाहीत. तेही आधी विचारून घ्यावे.

बडोद्याच्या श्रोत्यांना या संदर्भात डॉ. आंबेडकरांचे स्मरण झाल्यावाचून राहणार नाही. महाराजा सयाजीराव गायकवाडांच्या शिष्यवृत्तीवर ते १९१३ साली कोलंबिया विद्यापीठात गेले. १९१६ साली त्यांनी लंडनमध्ये अभ्यास सुरू केला, पण शिष्यवृत्तीची मुदत संपल्याने १९१७ साली त्यांना परतावे लागले. तथापि चार वर्षांच्या आत पुन्हा येऊन अभ्यास पुरा करण्याची परवानगी त्यांनी लंडन विद्यापीठाकडून मिळवली होती. १९२० साली ते परत गेले, १९२१ साली एम.एस्सी. आणि १९२३ साली डी.एस्सी. झाले. त्यांची परिस्थिती आणि आपल्या मुलांची परिस्थिती यांची तुलनाच नाही. परवानगीचे मोल मात्र तेच आहे.

युरोपने हा जमाखर्च बराच सोपा केला आहे. १९८७ साली इरॅस्मस योजना सुरू झाली आणि पुढे क्रेडिटांचे समान माप ठरले: वर्षाला ६०, सत्राला ३०. अमेरिकी विद्यापीठे सामान्यतः अशा दोन क्रेडिटांचे आपले एक धरतात. पण दिनदर्शिका जुळत नाही. जर्मनीत हिवाळी सत्राचे वर्ग ऑक्टोबरात सुरू होऊन फेब्रुवारीपर्यंत चालतात, तर अमेरिकेतील पुढचे सत्र जानेवारीतच उघडते. उन्हाळी सत्र एप्रिलपासून जुलैपर्यंत. ते घेतले तर सुटीतील उमेदवारी बुडते, आणि अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्याला पहिली नोकरी पुष्कळदा त्या उमेदवारीतूनच मिळते. ऑस्ट्रेलियाचे दुसरे सत्र जुलैअखेरीस सुरू होऊन नोव्हेंबरात संपते. ते बरोबर बसते.

काही संस्थांनी हे जुळवण्याचे ओझे विद्यार्थ्याच्या खांद्यावरून स्वतःकडे घेतले. वूस्टर पॉलिटेक्निकने १९७० साली अभ्यासक्रम नव्याने रचला. तेथे सत्रे सात-सात आठवड्यांची असतात, आणि तीन विषयांच्या तोलाचा एक सामाजिक प्रकल्प एकाच सत्रात, हवे तर परदेशात जाऊन, पुरा करता येतो. ऱ्होड आयलंड विद्यापीठाने १९८७ पासून दुसरा मार्ग धरला: पाच वर्षांत अभियांत्रिकी आणि जर्मन अशा दोन पदव्या, व चौथे वर्ष परदेशात, काही महिने विद्यापीठात आणि काही महिने कारखान्यात. पाचवे वर्ष टाळण्यापेक्षा त्याचे सोने करणे मला अधिक शहाणपणाचे वाटते. परंतु ते पेलणारी ऐपत प्रत्येक घरात नसते, हेही जाणतो.

खर्चाबाबत एवढेच पाहावे की विद्यापीठा-विद्यापीठांतील अदलाबदलीत बहुधा आपल्याच विद्यापीठाची फी भरावी लागते, इतर व्यवस्थांत यजमान संस्थेची. भारतीय पारपत्र असणाऱ्यास तिसऱ्या देशाचा व्हिसा लागतो आणि अमेरिकेतील विद्यार्थी म्हणून असलेली नोंदही चालू ठेवावी लागते. त्यासाठी परदेशी विद्यार्थ्यांच्या कार्यालयात तिकीट काढण्यापूर्वी जावे.

जी मुले भारतातच शिकतात त्यांच्यासाठीही वाट उघडली आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२२ च्या नियमांनुसार परदेशी संस्थेशी जोड-कार्यक्रमाचा करार असल्यास पदवीच्या ३० टक्क्यांपर्यंत क्रेडिटे तिकडे मिळवता येतात, आणि पदवी भारतीय विद्यापीठाचीच राहते. आपल्या मुलाच्या महाविद्यालयाचा असा करार आहे काय आणि तो नेमक्या कोणत्या शाखेसाठी आहे, याची चौकशी प्रवेशाचा अर्ज भरतानाच करावी.