सही कुणाची, कर्तव्य कुणाचं?

अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेल-चादरींचे कारखाने आहेत. समजा, त्यातल्या एका घरचा मुलगा अमेरिकेत शिकला, तिथला नागरिक झाला आणि वडिलांचा कारखाना सांभाळायला परत आला. आपल्याला वाटतं, राहतो तिथलाच कायदा. पण अमेरिका कर मागते ती नागरिकत्वावरून. उत्पन्न ठरावीक मर्यादेपुढे गेलं की सोलापुरात बसूनही तिकडचं विवरणपत्र भरावं लागतं. इथे भरलेल्या कराची सवलत मिळू शकते. विवरणपत्र टळत नाही.

दुसरी गोष्ट. अमेरिकेबाहेरच्या खात्यांची एकूण शिल्लक वर्षात कधीही १०,००० डॉलरवर गेली, तर ती खाती कळवावी लागतात. कारखान्याच्या खात्यावर नुसता सहीचा अधिकार असला, तरी तेही त्यात आलं!

मग मिळतं काय? मुंबईच्या वाणिज्य दूतावासातून पासपोर्टचं नूतनीकरण, बाळाची जन्मनोंद, अटक झाली तर भेट. दवाखान्याचं बिल मात्र दूतावास भरत नाही.

इकडचं नागरिकत्वही गेलेलं असतं. ओसीआय कार्डावर राहता येतं; मत देता येत नाही, शेतजमीन विकत घेता येत नाही.

कर्तव्य गावाबरोबर बदलत नाही. स्वीकारलेल्या नात्याबरोबर चालत येतं. तेव्हा लेकाला चेकवर सही करायला सांगण्याआधी आपण जाणत्या सीएला विचारू या.