पासवर्ड बदलला, तरी तो आतच होता!

अकाउंट हॅक झालं, परत मिळवलं, सुटलो म्हणून श्वास सोडला आणि आठवड्याभरात पुन्हा हॅक! असं का होतं? महिन्याभरात तीन वेळा इन्स्टाग्राम गमावलेल्या रूममेटची ही गोष्ट. आणि चौथ्यांदा तसं होऊ नये म्हणून आम्ही काय केलं, त्याचीही.

रात्रीचे पावणेबारा वाजले होते. नवी पेठेतल्या आमच्या कॉट बेसिसच्या खोलीत सगळ्या झोपायच्या तयारीत होतो. तेवढ्यात रूममेटला तिच्या मावसभावाचा फोन आला. ‘ताई, ते सहा हजार पाठवलेत बघ. दुप्पट कधी होणार?’

तिला काही कळेना. इन्स्टाग्राम उघडायला गेली तर पासवर्ड चुकीचा. मग आम्ही माझ्या फोनवरून तिचं प्रोफाइल पाहिलं. तिच्याच फोटोसोबत स्टोरी लागलेली : ‘मी दहा हजार गुंतवले, तीन तासांत पन्नास हजार मिळाले. डीएम करा!’ तिच्या गावाकडच्या निम्म्या नातेवाइकांनी ती स्टोरी पाहिली होती.

ही पहिली वेळ. त्यानंतर महिन्याभरात हेच अजून दोनदा झालं. ती मूळची लातूर जिल्ह्यातली, पुण्यात पोस्ट ग्रॅज्युएशनला आलेली. तिच्या परवानगीनेच लिहितेय, नाव मात्र देत नाहीये.

पहिल्यांदा : ‘मला व्होट कर ना’

सुरुवात अगदी साधी होती. शाळेतल्या मैत्रिणीचा डीएम आला, ‘एका ऑनलाइन स्पर्धेत आहे, या लिंकवर जाऊन व्होट कर ना प्लीज.’ लिंक उघडली तर इन्स्टाग्रामचं लॉग-इन पान आलं. हिने युजरनेम, पासवर्ड टाकला. ते पान खोटं होतं आणि मैत्रिणीचं अकाउंटही आधीच हॅक झालेलं होतं. म्हणजे हिला फसवणारा तिच्या मैत्रिणीच्या नावाने बोलत होता आणि पुढे हिच्या नावाने मावसभावाशी बोलला. साखळी अशीच वाढत जाते.

अकाउंटचा ई-मेल बदलला गेला की इन्स्टाग्राम जुन्या पत्त्यावर मेल पाठवतं, ‘हा बदल तुम्ही केला नसेल तर इथे क्लिक करा.’ तिने ते क्लिक केलं, अकाउंट परत आलं, नवा पासवर्ड टाकला. आम्ही चहा पाजून सेलिब्रेटही केलं!

दुसऱ्यांदा : मेलच आला नाही

नऊ दिवसांनी अकाउंट पुन्हा गेलं. या वेळी इन्स्टाग्रामचा इशारा देणारा मेलही आला नाही. सेल्फी व्हिडिओ देऊन ओळख पटवावी लागली, त्यात चार दिवस गेले.

त्या चार दिवसांत आमच्या खोलीतली हवाच बदलली. तिच्या काकांनी घरी फोन करून सांगितलं, ‘पोरींच्या हातात फोन दिला की हेच होणार.’ बाबा म्हणाले, ‘बास झालं पुणं, परीक्षा झाली की घरी ये.’ आणि तिच्या डोक्यात एक प्रश्न सुरू झाला : पासवर्ड बदलूनही कुणीतरी आत येतंय, म्हणजे ते जवळचंच कुणीतरी असणार. तिच्या फोनचा पिन कुणाला माहीत होता? मला.

ती तोंडावर काही बोलली नाही. पण मी खोलीत आले की फोन उशीखाली जायचा. मला राग आला. खरं सांगायचं तर तिच्या जागी मी असते तर मलाही तोच संशय आला असता.

तिसऱ्यांदा : ‘रिकव्हरी एक्स्पर्ट’

संशयामुळे तिने मला विचारायचं बंद केलं आणि मदत भलतीकडेच शोधली. ‘माझं अकाउंट हॅक झालं होतं, या सरांनी दहा मिनिटांत परत मिळवून दिलं’ अशी एक कमेंट तिला दिसली. त्या ‘सरांना’ तिने मेसेज केला. त्यांनी सुरक्षिततेसाठी म्हणून दीड हजार रुपये घेतले आणि ‘व्हेरिफिकेशनसाठी’ फोनवर आलेला कोड मागितला. तिने दिला. तिसऱ्यांदा अकाउंट गेलं ते असं.

त्या रात्री ती रडत रडत सगळं बोलली. माझ्यावर संशय होता हेही. आणि दुसऱ्या दिवशी रविवारी आम्ही दोघी माझा लॅपटॉप घेऊन बसलो. सायबर सिक्युरिटी शिकणारा कॉलेजचा एक सीनियर फोनवर होता. त्याचं पहिलंच वाक्य होतं, ‘तुम्ही दरवेळी कुलूप बदलताय. पण चोर माळ्यावरच बसलाय, त्याला खाली कोण उतरवणार?’

माळ्यावर काय सापडलं?

तो म्हणाला, इन्स्टाग्रामला हातसुद्धा लावू नका, आधी जीमेल उघडा. आणि मोबाइलवर नको, लॅपटॉपच्या ब्राउझरवर.

जीमेलच्या सेटिंगमध्ये ‘फिल्टर्स’ नावाचा भाग असतो. तो मोबाइल अॅपमध्ये दिसत नाही, म्हणून आपल्यापैकी बहुतेकांनी तो पाहिलेलाच नसतो. तिथे एक फिल्टर लावलेला होता : इन्स्टाग्रामकडून येणारा प्रत्येक मेल थेट डिलीट. दुसऱ्यांदा इशारा का आला नाही, याचं उत्तर समोर होतं. गुगल अकाउंटच्या ‘सिक्युरिटी’ पानावर रिकव्हरी ई-मेल म्हणून एक अनोळखी पत्ता होता. आणि ‘युवर डिव्हायसेस’च्या यादीत तिचा नसलेला एक फोन.

तो आत शिरला कसा? इन्स्टाग्राम आणि जीमेल दोन्हींचा पासवर्ड एकच होता. नव्या फोनवरून लॉग-इन होताना गुगलने तिला ‘हे तुम्हीच आहात का?’ असं विचारलंही होतं. लेक्चर चालू असताना आलेल्या त्या नोटिफिकेशनवर तिने घाईत ‘येस’ दाबलं होतं. तिला ते आठवलं तेव्हा तिने कपाळावर हात मारला.

थोडक्यात, ती इन्स्टाग्रामचा पासवर्ड कितीही वेळा बदलत बसली असती तरी उपयोग नव्हता. ‘फॉरगॉट पासवर्ड’चे मेल ज्या इनबॉक्समध्ये येतात, तोच इनबॉक्स दुसऱ्याच्या हातात होता.

असं फक्त आपल्यासारख्यांचंच होतं असं समजू नका. 2012च्या ऑगस्टमध्ये ‘वायर्ड’ या अमेरिकी नियतकालिकाचा टेक्नॉलॉजी पत्रकार मॅट होनन याचं काय झालं बघा. हॅकर्सना त्याचं तीन अक्षरी ट्विटर हँडल हवं होतं. त्यांनी अॅमेझॉनच्या कस्टमर केअरला फोन करून त्याच्या कार्डचे शेवटचे चार आकडे मिळवले. ते वापरून अॅपलचं अकाउंट, त्यावरून जीमेल आणि तिथून ट्विटर! जाता जाता त्याचा आयफोन, आयपॅड आणि मॅकबुक पुसून टाकलं, त्यात त्याच्या लहानग्या मुलीचे फोटोही गेले. आपली सगळी अकाउंट्स एकमेकांना जोडलेली होती आणि जीमेलला टू-स्टेप व्हेरिफिकेशन नव्हतं, ही आपलीही चूक होती, असं त्याने स्वतःच नंतर लिहिलं. ज्याचा रोजचा विषयच हा, त्याची ही गत!

फोनच फितूर असेल तर?

शेजारच्या खोलीतल्या मुलीची केस वेगळी निघाली. आमचं चाललंय ते बघून ती म्हणाली, ‘मी चार वेळा पासवर्ड बदललाय, ओटीपी कुणालाच सांगितला नाही, तरी होतंच.’ तिला व्हॉट्सअॅपवर लग्नपत्रिका म्हणून एक फाइल आली होती. नावाच्या शेवटी ‘एपीके’. ई-चलान, वीजबिल, बँकेचं केवायसी अशा नावांनीही या फाइल्स फिरतात. एपीके म्हणजे फोटो नाही, पीडीएफ नाही. ते अख्खं अॅप असतं. ते इन्स्टॉल करून एसएमएसची परवानगी दिली की येणारा प्रत्येक ओटीपी ते वाचतं. ‘अॅक्सेसिबिलिटी’ची परवानगी दिली तर स्क्रीनवर काय चाललंय हेही त्याला दिसतं. ती प्रत्येक नवा पासवर्ड त्याच फोनवर टाइप करत होती!

अशा वेळी सेटिंगमध्ये जाऊन तीन ठिकाणं बघायची : अॅप्सची पूर्ण यादी, ‘अॅक्सेसिबिलिटी’ आणि ‘डिव्हाइस अॅडमिन अॅप्स’. अनोळखी अॅप डिलीट होत नसेल तर बहुतेक वेळा ते अॅडमिन बनून बसलेलं असतं. आधी तो अधिकार काढायचा, मग अॅप. तरीही शंका असेल तर फोटो आणि कॉन्टॅक्ट्सचा बॅकअप घेऊन सरळ फॅक्टरी रिसेट. आणि सगळे पासवर्ड बदलायचे ते दुसऱ्या, स्वच्छ फोनवरून किंवा लॅपटॉपवरून.

अजून एक चोरवाट म्हणजे कॉल फॉरवर्डिंग. ‘कुरिअर आलंय, हा नंबर डायल करा’ असं सांगून *401* आणि पुढे एक मोबाइल नंबर डायल करायला लावायचे. मग तुमचे कॉल त्या नंबरवर, त्यात फोनवरून ऐकवला जाणारा ओटीपीही आला. कोड डायल करून फॉरवर्डिंग सुरू करण्याची ही सोय 15 एप्रिल 2024 पासून बंद करण्याचा आदेश दूरसंचार विभागाने कंपन्यांना दिला. तरी फोनच्या कॉल सेटिंगमध्ये जाऊन एकदा बघाच, फॉरवर्डिंगला कुठला नंबर बसलेला नाही ना.

आणि हो, झेरॉक्सचं दुकान! हॉल तिकिटाची प्रिंट काढायला तिथल्या कॉम्प्युटरवर व्हॉट्सअॅप वेब उघडायचं आणि तसंच निघून यायचं, हे आपण सगळेच करतो. माझ्या ‘लिंक्ड डिव्हायसेस’मध्ये दोन महिन्यांपूर्वीचा एक अनोळखी कॉम्प्युटर निघाला. दुसऱ्यांना शिकवायला बसलेल्या मला तो दिसला तेव्हा मी गप्पच झाले.

कधी कधी हॅकर खरंच ओळखीचा असतो, हेही सांगायला हवं. एक्स बॉयफ्रेंड, भाऊ, मित्र. त्यामुळे फोनमध्ये किती बोटांचे ठसे सेव्ह आहेत ते मोजा. तुमचे दोन आणि यादीत तीन असतील, तर तिसरं बोट कुणाचं हे विचारायलाच हवं. पण संशय घेण्याआधी यादी बघा. आमच्याकडे उलटं झालं.

पोलिसांकडे जायचं?

जायचं. पैसे गेले असतील तर सगळ्यात आधी 1930 या हेल्पलाइनवर फोन, लगेच. पैसे एका खात्यातून दुसऱ्या खात्यात फिरण्याआधी ते गोठवता येण्याची शक्यता त्यावरच अवलंबून असते. तक्रार ‘सायबरक्राइम डॉट जीओव्ही डॉट इन’ या केंद्रीय गृह मंत्रालयाच्या पोर्टलवरही करता येते. दुसऱ्याचा पासवर्ड किंवा ओळख चोरून वापरणं हा माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम 66सी खाली गुन्हा आहे, तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. ऑनलाइन तोतयेगिरी करून फसवणं 66डी खाली येतं.

जाताना पुरावे हवेत. आम्ही घाबरून पहिल्या वेळची स्टोरी तशीच जाऊ दिली, स्क्रीनशॉट काढलाच नाही. मावसभावाने तर ‘घरी कळलं तर?’ म्हणून चार दिवस कुणाला सांगितलंच नाही आणि तोवर उशीर झाला. ते सहा हजार अजून परत आलेले नाहीत. रूममेट त्याला दर महिन्याला हजार रुपये देतेय. तो नको म्हणतो, तरी.

बाबांशी तिने स्वतःच बोलायचं ठरवलं. दिवाळीच्या सुट्टीत घरी गेली तेव्हा फिल्टरपासून ‘येस’पर्यंत सगळं त्यांना दाखवलं. मग त्यांच्याच फोनची ‘लिंक्ड डिव्हायसेस’ची यादी उघडली. काय निघालं ते तिने मला सांगितलं नाही, पण सुट्टी संपल्यावर ती पुण्यात परत आली. आता तिच्या फोनचा नवा पिन मला माहीत नाही. मी विचारलेलाही नाही.

पुन्हा पुन्हा हॅक होतंय? या क्रमाने जा

1. आधी फोन तपासा. शंका असेल तर पुढचं सगळं दुसऱ्या, खात्रीच्या डिव्हाइसवरून करा.

2. मग ई-मेल. अनोळखी डिव्हाइस लॉग-आउट करा. रिकव्हरी ई-मेल, रिकव्हरी नंबर, फिल्टर्स, फॉरवर्डिंग आणि जोडलेली अॅप्स तपासा. त्यानंतर नवा पासवर्ड आणि टू-स्टेप व्हेरिफिकेशन.

3. त्यानंतर इन्स्टाग्राम. अकाउंट्स सेंटरमध्ये ‘व्हेअर यू आर लॉग्ड इन’ बघा, अनोळखी ई-मेल आणि नंबर काढा, जुने बॅकअप कोड बदलून घ्या.

4. व्हॉट्सअॅप गेलं असेल तर आपल्या नंबरवरून पुन्हा रजिस्टर करा, समोरचा बाहेर पडतो. त्याने टू-स्टेप पिन लावून ठेवला असेल तर सात दिवस थांबावं लागतं, पण तोही तोवर आत नसतो. परत मिळाल्यावर स्वतःचा पिन लावा.

5. तुमच्या नावावर किती सिम कार्डं आहेत ते ‘संचार साथी’ पोर्टलवर बघा.

6. प्रत्येक अकाउंटला वेगळा पासवर्ड. लक्षात राहत नसतील तर पासवर्ड मॅनेजर वापरा, पण जीमेलचा पासवर्ड दुसरीकडे कुठेही नको.

7. पैसे घेऊन अकाउंट परत मिळवून देणाऱ्या कुणालाही कोड देऊ नका. आणि पहिल्याच दिवशी कुणाला तरी सांगा. रूममेटला सांगितलंत तरी चालेल.