अनियंत्रित राजसत्ता आणि मेवासाची सीमा

१८७४ साली करण्यात आलेल्या अनुसूचित जिल्ह्यांच्या अधिनियमाला जी यादी जोडलेली आहे, तीत मुंबई इलाख्याच्या सदराखाली खानदेशातील सहा मेवासी प्रमुखांच्या गावांचा निर्देश आढळतो. काठी, नाल, सिंगपूर व नवलपूर येथील पाडवी, गव्हाळीचा वळवी आणि चिखलीचा वसावा हे ते सहा प्रमुख होत. सातपुड्याच्या पश्चिम टोकाशी, नर्मदा व तापी यांच्या दरम्यानच्या ज्या प्रदेशात आजचा अक्कलकुवा तालुका मोडतो, त्यात व त्याच्या आसपास ही गावे पसरलेली होती. इलाख्यातील सर्वसामान्य कायदे येथे जसेच्या तसे लागू होऊ नयेत, असा या यादीचा आशय होता. इंग्रजी साम्राज्य ऐन भरात असताना त्याने आपल्याच कायद्याने आपल्याच कायद्याची मर्यादा येथे आखून घेतली, ही गोष्ट वरवर पाहता चमत्कारिक वाटते. परंतु सतराव्या शतकातील युरोपच्या राजकीय इतिहासाशी ती ताडून पाहिली म्हणजे तिच्यातील चमत्कारिकपणा नाहीसा होतो. आणि त्याबरोबरच ‘अनियंत्रित राजसत्ता’ या संज्ञेचा खरा अर्थ कोणता, या प्रश्नावरही काही प्रकाश पडतो.

प्रथम संज्ञेचा विचार करू. रोमन विधिशास्त्रात सम्राट हा ‘कायद्यांतून मोकळा’ असल्याचे एक वचन आहे. ‘अनियंत्रित’ या अर्थाचा युरोपीय शब्द त्याच मूळ लॅटिन धातूपासून निघाला. १५७६ मध्ये झाँ बोदँ याने राज्यसंस्थेवरील आपल्या ग्रंथात सार्वभौमत्वाची व्याख्या करताना ते निरपेक्ष व चिरंतन असते असे प्रतिपादन केले. पण त्याच बोदँने ईश्वरी नियम, निसर्गनियम, राज्याचे मूलभूत कायदे आणि प्रजेची मालमत्ता यांची बंधने राजावर कायम ठेवली आहेत, हे विसरता कामा नये. शिवाय, एका शासनपद्धतीचे नाव म्हणून हा शब्द फ्रेंच राज्यक्रांतीनंतरच रूढ झाला. चौदाव्या लुईच्या प्रजेला आपण त्या नावाच्या पद्धतीखाली नांदत आहो याची कल्पना नव्हती. ती पद्धती मोडून पडल्यावर तिला हे नाव मिळाले, आणि नाव देणाऱ्यांत तिचे विरोधकच अधिक होते. साहजिकच त्या शब्दात सत्तेच्या वस्तुस्थितीपेक्षा तिच्या दाव्याचे चित्र अधिक ठळकपणे उमटले.

तो दावा मात्र पोकळ नव्हता. सोळाव्या व सतराव्या शतकांत तोफखाना, तटबंदी आणि खडे सैन्य यांमुळे युद्धाचा खर्च भराभर वाढत गेला व त्या खर्चासाठी करांची आवश्यकता उत्पन्न झाली. कर गोळा करावयाचे तर राजा आणि रयत यांच्यामध्ये उभे असलेले सरदार, नगरे, धर्मसंस्था व प्रांतिक सभा यांना बाजूस सारणे किंवा वश करणे भाग होते. फ्रान्समध्ये १६१४-१५ नंतर राष्ट्रीय वर्गसभा थेट १७८९ पर्यंत भरलीच नाही. रिशल्यूच्या कारकीर्दीत १६२८ मध्ये ला रोशेल हे प्रॉटेस्टंट पंथीयांचे तटबंद नगर शरण आले, आणि प्रांतोप्रांती राजाचे स्वतःचे अधिकारी फिरू लागले. १६४८ ते १६५३ या काळातील फ्राँद नावाचे बंड मोडल्यानंतर १६६१ पासून चौदाव्या लुईने मुख्य प्रधान न नेमता स्वतः कारभार हाती घेतला. १६८२ मध्ये दरबार व्हर्सायला गेला. १६९० नंतरच्या दशकात फ्रान्सचे सैन्य तीन लाखांवर पोहोचले होते. एवढे सैन्य त्यापूर्वीच्या कोणत्याही फ्रेंच राजाने पोसले नव्हते.

या चित्राची दुसरी बाजू आता संशोधकांना अधिक महत्त्वाची वाटू लागली आहे. १६०४ पासून फ्रान्समधील अधिकारी आपल्या पदाच्या किमतीचा साठावा हिस्सा दरसाल भरून ते पद वारसाकडे सोपवू शकत असे. म्हणजे राजाच्या नावाने न्याय करणारा अधिकारी वस्तुतः वतनदारच होता, आणि त्याला काढून टाकावयाचे तर राजाला त्याचे वतन विकत घ्यावे लागले असते. लांगदॉक, ब्रिटनी, बर्गंडी या प्रांतांच्या वर्गसभा चालूच राहिल्या. लांगदॉकचा सूक्ष्म अभ्यास करणाऱ्या विल्यम बाइक या इतिहासकाराने १९८५ मध्ये असे दाखवून दिले की, तेथील कराचा मोठा वाटा स्थानिक प्रतिष्ठितांच्याच पदरात परत पडत असे. राजा व सरदारवर्ग यांचे नाते केवळ संघर्षाचे नसून भागीदारीचे होते. ब्रांडेनबुर्गमध्ये १६५३ साली याहून उघड सौदा झाला. जमीनदारांनी सैन्यासाठी पैसा मंजूर केला, आणि त्याच्या मोबदल्यात राजाने त्यांच्या शेतकऱ्यांवरील त्यांच्या अधिकारांना मान्यता दिली. वर सत्ता प्रबळ झाली ती खालची सत्ता जमीनदारांच्या हाती कायम ठेवून.

भाषेच्या क्षेत्रातही हेच दृश्य दिसते. १५३९ च्या व्हिलेर-कोत्रे येथील आज्ञेने फ्रान्समधील न्यायालयीन लेख फ्रेंच भाषेत लिहिण्याचा दंडक घालण्यात आला, आणि १६३५ मध्ये फ्रेंच अकादमी स्थापन होऊन त्या भाषेच्या शुद्धाशुद्धतेलाही राजमान्यता लाभली. असे असूनही, १७९४ मध्ये आबे ग्रेग्वार याने राष्ट्रीय सभेपुढे जो अहवाल मांडला, त्यात किमान साठ लाख फ्रेंच नागरिकांना राष्ट्रभाषा मुळीच येत नसल्याचे त्याने नमूद केले. अडीच शतकांत राजाची भाषा कचेरीपर्यंत पोहोचली. शेतापर्यंत ती पोहोचली नाही.

महाराष्ट्रात हाच प्रश्न वतनदारीच्या रूपाने उपस्थित झाला होता. शिवाजी महाराजांनी देशमुखांचे कोट व बुरुजांचे वाडे पाडून त्यांच्या वसुलाला मर्यादा घातली, अशी माहिती सभासदाच्या बखरीत मिळते. १६७४ च्या राज्याभिषेकाने छत्रपतींची सत्ता कोणाही बादशहाच्या सनदेवर अवलंबून नाही हेही जाहीर झाले. परंतु १६८९ नंतर मोगलांशी चाललेल्या प्रदीर्घ युद्धात मोगल व मराठे या दोघांनाही देशमुखांची मने वतने देऊनच वळवावी लागली. रामचंद्रपंत अमात्यांच्या नावावर असलेल्या, सुमारे १७१५ मधील आज्ञापत्रात या अनुभवाचे सार आले आहे. वतनदार हे नावाचे सेवक असले तरी वस्तुतः लहान लहान राज्यकर्ते व राज्याचे वाटेकरी आहेत, त्यांना मोकळे सोडू नये आणि अकारण दुखवूही नये, असा त्यातील उपदेशाचा भावार्थ आहे. वतनदारीचे उच्चाटन इष्ट वाटले तरी ते शक्य नाही, हे ओळखूनच तो लिहिला गेला आहे.

अक्कलकुव्याच्या परिसरातील मेवास हे या व्यवहाराचे अगदी टोकाचे उदाहरण होय. गुजरातच्या महसुली परिभाषेत गावांचे ‘रास्ती’ व ‘मेवासी’ असे दोन वर्ग आढळतात. जेथे वसूल मुकाट्याने मिळतो ते रास्ती, आणि जेथे तो मिळवण्यास फौज धाडावी लागते ते मेवासी. तेव्हा ‘मेवासी’ हे राज्यकर्त्यांनी आपल्या अडचणीवरून दिलेले नाव आहे. १६०१ मध्ये असीरगड अकबराच्या हाती येऊन फारुकी घराण्याचे राज्य संपले व खानदेश हा मोगलांचा सुभा झाला. अठराव्या शतकात तेथे मराठ्यांचा अंमल बसला. १८१८ मध्ये इंग्रज आले. या तिन्ही सत्तांचे लक्ष तापीच्या खोऱ्यातील काळ्या जमिनीवर आणि नंदुरबारवरून जाणाऱ्या सुरत-बुऱ्हाणपूर मार्गावर होते. डोंगरातील वसूल तुटपुंजा आणि त्यासाठी करावयाच्या मोहिमेचा खर्च अवाढव्य, अशी स्थिती असल्यामुळे डोंगरातील प्रमुखांना मान्यता देऊन मैदानात शांतता राखणे हाच स्वस्त मार्ग होता. १८२५ मध्ये इंग्रजांनी भिल्लांचीच पलटण उभारून तिचे नेतृत्व आउट्रमकडे दिले, त्यामागील हिशेबही याच जातीचा होता. १८७४ च्या यादीने या जुन्या तडजोडीला कायद्याची भाषा दिली आणि ‘काठीचा पाडवी’, ‘गव्हाळीचा वळवी’ अशा पदवाचक शब्दप्रयोगांनी त्या प्रमुखांची नावे कायमची नोंदली गेली. अवज्ञेसाठी योजलेला शब्द अशा रीतीने अधिकाराचा वाचक बनला.

तथापि, राजाची सत्ता जेथे पोहोचत नाही तेथे रयत स्वतंत्र असते, असा निष्कर्ष यावरून काढणे चुकीचे ठरेल. ब्रांडेनबुर्गच्या शेतकऱ्याला १६५३ च्या सौद्यात आपल्या वतीने बोलणारा कोणी नव्हता. फ्रान्समध्ये ‘ताय’ हा प्रत्यक्ष कर मुख्यतः सामान्य रयतेनेच भरला, कारण सरदार व धर्मगुरू बहुतांशी त्यातून मुक्त होते. मेवासातही सरकारने मालकी मानली ती प्रमुखाची. जमीन कसणाऱ्याचा हक्क त्या तडजोडीच्या बाहेरच राहिला. दोन सत्ताधीशांमधील समजूत कितीही शहाणपणाची असली तरी तिची किंमत बहुधा तिसराच कोणी मोजत असतो.

१८५६ मध्ये तोकव्हिल याने असे मत मांडले की, मध्यस्थ सत्ता नाहीशा करण्याचे जे काम फ्रेंच राजांनी आरंभिले ते राज्यक्रांतीने तडीस नेले. ४ ऑगस्ट १७८९ च्या रात्री सरंजामी हक्कांचा त्याग जाहीर झाला तो राजाच्या आज्ञेने नव्हे, तर राष्ट्रीय सभेत. सातपुड्यातही काहीसे असेच घडले. बादशहा, पेशवे आणि इंग्रज सरकार या सर्वांनी जे टाळले ते प्रजासत्ताकाने केले, आणि पश्चिम खानदेशातील मेवासी इस्टेटींसंबंधीच्या १९६१ च्या विनियमाने त्या प्रमुखांचे मालकी हक्क नष्ट करण्यात आले. मात्र जुनी सीमारेषा त्यामुळे पुसली गेली नाही. संविधानाच्या पाचव्या अनुसूचीखाली १९५० मध्ये जे अनुसूचित क्षेत्र जाहीर झाले, त्यात या सहा प्रमुखांच्या गावांचा पुन्हा नावानिशी समावेश होता. १९८५ च्या आदेशात त्यांच्या जागी अक्कलकुवा, अक्राणी, तळोदे व नवापूर हे तालुके आले. एके काळी राज्यकर्त्यांच्या सोयीसाठी आखलेली रेषा आता तेथील रहिवाशांच्या जमिनीच्या व हक्कांच्या संरक्षणासाठी वापरावयाची आहे. रेषा तीच असली तरी ती कोणासाठी आहे याचे उत्तर बदलले आहे. निदान कायद्याचा हेतू तरी तसा आहे.

अनियंत्रित राजसत्तेचा अभ्यास करताना म्हणून राजाने कोणते अधिकार सांगितले एवढेच पाहून भागत नाही. ते अधिकार कोणाच्या हातून बजावले गेले, त्या हातांना मोबदला काय मिळाला आणि तो कोणाच्या पदरातून गेला, हे तीन प्रश्न व्हर्सायच्या दफ्तराइतकेच मेवासाच्या दफ्तरालाही विचारले पाहिजेत. काठीची होळी आजही ‘राजवाडी होळी’ या नावाने ओळखली जाते. आणि १८७४ च्या यादीत प्रमुखांच्या पदासारखी नोंदलेली पाडवी, वळवी व वसावे ही नावे आज अक्कलकुव्याच्या शाळांच्या हजेरीपटावर साधी आडनावे म्हणून वाचली जातात.